हत्ती ओटल्यावर टिकला पाहिजे: घरच्या घरी कॅमेरा ट्रॅकिंग शिकताना

भाच्याने मागे एक क्लिप पाठवली. इंदूरच्या कृष्णपुरा छत्रीच्या, म्हणजे जुन्या दगडी स्मारकाच्या, पायऱ्यांवर थ्रीडी हत्ती उभा केलेला, मोबाईलवर शूट केलेलं, आणि खाली मेसेज, मामा कसा वाटतोय? हत्ती खरंच जाम भारी होता, सुरकुत्या-बिरकुत्या सगळ्या, पण तो उभा नव्हता हो, कुणी पायरीवर साबणाचं पाणी ओतल्यासारखा हळूहळू घसरत होता. पोराने तीन आठवडे हत्तीवर घालवले आणि कॅमेऱ्यावर वीस मिनिटं. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतोय. मी काही वर्षं पुण्यात स्टुडिओमध्ये मॅचमूव्हच केलं, म्हणजे हेच कॅमेरा ट्रॅकिंगचं काम, आता इंदूरला घरी बसून फ्रीलान्स करतो, त्यामुळे उदाहरणं सगळी इथलीच येतील.

आधी समजून घ्या की सॉफ्टवेअर शोधतंय काय

एक डोळा बंद करा, बोट नाकासमोर धरा, मागे छताचा पंखा दिसू द्या. आता डोळे आळीपाळीने उघडझाप करा. बोट उडी मारतं, पंखा जवळपास जागेवरच राहतो. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, याला पॅरॅलॅक्स म्हणतात आणि आपला सगळा धंदा यावर चालतो. सॉफ्टवेअर व्हिडिओतले पन्नास-शंभर बारीक ठिपके फ्रेममागून फ्रेम पाठलाग करतं, कोण किती सरकलं ते बघतं, आणि त्यावरून उलटा हिशोब लावतं की कॅमेरा कुठे होता, कुठे बघत होता, लेन्स किती मिलिमीटरची होती. या उलट्या हिशोबाला सॉल्व्ह म्हणतात. सॉल्व्ह झाला की थ्रीडीमध्ये तुमच्यासारखाच हलणारा एक खोटा कॅमेरा मिळतो. हत्ती त्या कॅमेऱ्यासमोर ठेवला की तो जागेवर बसला पाहिजे. बसत नसेल तर दोष शक्यतो हत्तीचा नसतो.

याचा अर्थ असा की एका जागी उभं राहून नुसतं डावीकडून उजवीकडे फोन फिरवला तर पॅरॅलॅक्सच नाही. असा शॉट सॉल्व्ह होतो, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ट्रायपॉड नावाचा वेगळा पर्याय आहे, पण त्यातून फक्त फिरणं कळतं, खोली कळत नाही. नवशिक्याने असा शॉट घेऊच नये, आधी चालत घेतलेला शॉट शिका.

शूट: अर्धी लढाई इथेच

जागा निवडताना राजवाड्याचा मोह सगळ्यांना होतो. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, खिडक्या, सज्जे, ठिपक्यांची काही कमी नाही. पण समोरून घेतलं तर ती एक सपाट भिंत आहे, सगळे ठिपके जवळपास एकाच अंतरावर, आणि एकाच सपाटीवरचे ठिपके घेऊन सॉल्व्हर गोंधळतो. राजवाडाच हवा असेल तर समोरच्या बागेतून घ्या, म्हणजे अहिल्याबाईंच्या पुतळ्याचा चौथरा, कठडा असं काहीतरी पुढे येईल आणि खोली मिळेल. शिकायला मी छत्रीच सांगेन. कोरीव दगड आहे, पायऱ्या आहेत, खांब पुढे-मागे आहेत. सकाळी सातच्या सुमारास जा, गर्दी नसते, ऊन तिरपं असतं म्हणून कोरीवकाम उठून दिसतं. ट्रायपॉड वगैरे न्यायचा असेल तर तिथे आधी विचारून घ्या, उगीच वाद नको.

आणि सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, रात्री नका जाऊ, निदान पहिल्या सहा महिन्यांत तरी. मी गेलोय. स्टीलच्या पराती चमकतात, माणसं सगळीकडून चालतात, कढईतली वाफ आणि तापलेली हवा अशी हलते की मागचा बोर्डसुद्धा लहरतो, आणि अंधारामुळे व्हिडिओत दाणे दाणे. भरपेट खाऊन परत आलो, शॉट एकही लागला नाही.

फोनची सेटिंग मात्र मनापासून करा. फोकस लॉक, एक्सपोजर लॉक, व्हाइट बॅलन्स लॉक, झूमला हात नाही. स्टॅबिलायझेशन बंद, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन प्रत्येक फ्रेम थोडी कापतं, वाकवतं, सरकवतं, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल पुसून टाकतं आणि मग आपण काय शोधणार कपाळ? फोनच्या आपल्या अॅपमध्ये हे सगळं बंद होत नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा, दोन्ही फुकट आहेत.

शटर जरा वेगवान ठेवा. २५ एफपीएसला, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असताना, नेहमीचं शटर १/५० सेकंद असतं, त्यात चालताना ठिपके पुसट होतात, दिवसा १/२०० ठेवलंत तर कोपरे धारदार मिळतात. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली मात्र १/१०० वरच थांबा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, म्हणून १/५० किंवा १/१०० ला फ्लिकर येत नाही, त्यापेक्षा वेगवान केलं की पट्टे दिसायला लागतात.

फोनचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे झटक्यात फिरवलं की उभे खांब तिरके होतात. याला रोलिंग शटर म्हणतात, आणि नंतर ते निस्तरायला डोकेदुखी आहे. म्हणून कोपर पोटाला लावा, गुडघे किंचित वाकवा आणि आडवं चाला, खेकड्यासारखं. आठ-दहा सेकंद पुरे. लोक बघतील, बघू द्या.

निघायच्या आधी टेप काढा. हत्ती जिथे उभा करायचा तिथल्या पायरीची उंची आणि लांबी मोजा, दोन खुणांमधलं अंतर मोजा, वहीत लिहा आणि टेप लावलेला फोटोही काढा. माझ्या भाच्याने हे केलं नव्हतं, मग हत्ती केवढा हे त्याने अंदाजाने ठरवलं आणि तो म्हशीएवढा झाला.

फाईल आणि लेन्स

फोन बहुतेक वेळा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो, कधी २९.९, कधी ३०.१. ट्रॅकिंगला ते चालत नाही. एफएफएमपेग किंवा डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधून आधी ठरावीक फ्रेम रेट करा आणि मग पीएनजी इमेज सिक्वेन्स काढा, दर फ्रेमची वेगळी फाईल. जागा जास्त खाते पण फ्रेम नंबर कधी चुकत नाही. स्टुडिओत प्लेट, म्हणजे शूट केलेली मूळ क्लिप, साधारण १००१ नंबरपासून सुरू होते, तीच सवय आत्तापासून लावून घ्या, पुढे कामाला येईल.

आता सॉफ्टवेअर. मी ब्लेंडर धरून सांगतो, फुकट आहे, आणि त्यात ट्रॅकिंग २०११ पासून आहे, २.६१ व्हर्जनमध्ये आलं. मूव्ही क्लिप एडिटर उघडा, सिक्वेन्स घ्या, सेट सीन फ्रेम्स दाबा, प्रीफेच करा म्हणजे क्लिप मेमरीत येते आणि अडकत नाही.

लेन्सची माहिती भरायची जागा आली की सगळे अडतात. फोनवाला सांगतो २६ मिलिमीटर, पण ती खरी फोकल लेंथ नाही, ती ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबातली आहे. सरळ उपाय सांगतो. तो हिशोब कर्णावरून लावतात, फुलफ्रेमचा कर्ण ४३.३ मिलिमीटर, आणि फोनचा सेन्सर ४:३, म्हणजे कर्णाच्या चार-पंचमांश रुंदी, साधारण ३४.६. तर सेन्सर विड्थमध्ये ३४.६ टाका आणि फोकल लेंथमध्ये २६. हे खरं उत्तर नाही, कारण बरेच फोन व्हिडिओ घेताना कडा थोड्या कापतात, पण उत्तराच्या गल्लीत तरी पोचतो आपण. बाकीचं सॉल्व्हच्या वेळी रिफाईनमध्ये सुटेल, तिथे सॉफ्टवेअर आकडा स्वतः सुधारून घेतं. खरा कॅमेरा असेल तर कंपनीच्या वेबसाईटवर सेन्सरचं माप असतंच, ते घ्या, अंदाज नको.

ठिपके: इथे घाई केली की संपलं

डिटेक्ट फीचर्स नावाचं बटण आहे, दाबलं की शे-दोनशे ठिपके आपोआप. पहिल्या दोन-तीन शॉटमध्ये ते दाबू नका. हाताने लावा, कंट्रोल धरून क्लिक, कारण कोणता ठिपका चांगला हे डोळ्याला कळायला लागलं पाहिजे, आणि ते बटण तुम्हाला कधीच शिकवणार नाही.

चांगला ठिपका म्हणजे कोपरा, ज्याच्या आसपास उजेड-अंधाराचा स्पष्ट फरक आहे आणि जो जागचा हलत नाही. दगडातली चीर, पायरीचा तुटका कोपरा, खांबाच्या पायथ्याचा टवका. वाईट ठिपक्यांची यादी मोठी आहे. झाडाची पानं, झेंडा, कबुतरं, गाड्या हे कुणालाही कळतं. चमक आणि प्रतिबिंब फसवतं, कारण कॅमेरा हलला की चमकसुद्धा सरकते. लांब सरळ कड फसवते, ट्रॅकर तिच्यावरून रुळावर घसरल्यासारखा घसरतो. छत्रीवरची नक्षी तर खास फसवते, एकसारख्या आकृत्या ओळीने कोरलेल्या, ट्रॅकर एकीवरून शेजारच्या जुळ्या बहिणीवर उडी मारतो आणि पुढे बिनधास्त चालत राहतो.

पण सगळ्यात लबाड म्हणजे खोटा कोपरा. जुन्या इंदुरात विजेच्या तारा कुठे नाहीत? समोरून तार गेली आहे, मागे सज्जाची कड आहे, दोन्ही जिथे एकमेकांना कापतात तिथे सुंदर फुली दिसते. ट्रॅकर तिला शेवटपर्यंत धरून ठेवतो. पण ती फुली जगात कुठेही नाहीये, तार दहा फुटांवर आणि सज्जा साठ फुटांवर, तुम्ही हललात की फुलीही सरकली. असे दोन-तीन ठिपके आख्ख्या सॉल्व्हचं वाटोळं करतात.

ठिपका लावला की कंट्रोल टी, पुढे ट्रॅक होतो, मागे न्यायचा असेल तर शिफ्टही दाबा. पॅटर्न साईझ, म्हणजे ओळखायचा तुकडा, डिफॉल्ट २१ पिक्सेल, आणि सर्च साईझ, म्हणजे तो शोधायचा परिसर, ७१. कॅमेरा वेगात असेल तर सर्च वाढवा, ठिपका अगदी बारीक असेल तर पॅटर्न कमी करा. जवळ जात असाल, म्हणजे वस्तू मोठी होत असेल, तर मोशन मॉडेल नुसतं लोकेशन न ठेवता लोकेशन, रोटेशन आणि स्केलवालं घ्या. ढगाने ऊन कमी-जास्त झालं असेल तर नॉर्मलाइज चालू करा. हे सोडून बाकी बटणांना सध्या हात लावू नका.

किती ठिपके? ब्लेंडर ज्या दोन फ्रेमवरून हिशोब सुरू करतो त्या की-फ्रेम, त्या दोन्हींत कमीत कमी आठ समान लागतात, पण तेवढ्यावर भागवू नका, दर फ्रेमला वीस-तीस असू द्या. ते फ्रेमभर पसरलेले हवेत, कोपऱ्यांतही, आणि खोलीतही पसरलेले हवेत, काही पायाशी, काही मध्ये, काही पार मागच्या कळसावर. सगळे ठिपके मधल्या खांबावर लावले की लेन्सचा अंदाज चुकतो आणि कडेचं सगळं पोहायला लागतं. एक ठिपका फ्रेमबाहेर जाताना दुसरा आत आलेला असला पाहिजे, आणि एकाच फ्रेमवर पाच ठिपके एकदम संपू देऊ नका, तिथे कॅमेऱ्याला झटका बसतो. मग ग्राफ बघा. नीट ट्रॅकच्या रेघा एकमेकींसोबत वाहतात, वेडा ट्रॅक टोक काढून बसतो, लगेच ओळखू येतो.

या कामाला पहिल्यांदा दोन-तीन तास लागतील. लागू द्या.

सॉल्व्ह, आणि आकड्याचं प्रेम

की-फ्रेम ए आणि बी अशा दोन फ्रेम निवडायच्या असतात, दोघींमध्ये कॅमेरा चांगला सरकलेला हवा पण ठिपके बरेचसे तेच दिसायला हवेत. ऑटो की-फ्रेमवर टिक केली तर तो स्वतः शोधतो, नाही जमलं तर हाताने बदलून बघा. पहिला सॉल्व्ह काहीही रिफाईन न करता. दुसऱ्यांदा फोकल लेंथ रिफाईन करा. तिसऱ्यांदा रेडियल डिस्टॉर्शन, म्हणजे लेन्सने कडा वाकवणं. सगळं एकदम चालू केलं की सॉल्व्हर एक चूक दुसऱ्या चुकीने झाकतो, फोकल लेंथ ९० निघते आणि आकडा मात्र सुंदर दिसतो. २६ टाकून २८ आलं तर ठीक, ९० आलं तर कुठेतरी ठिपके खोटे बोलतायत.

वर सॉल्व्ह एरर दिसतो, पिक्सेलमध्ये. म्हणजे हिशोबाप्रमाणे ठिपका जिथे दिसायला हवा आणि तो खरोखर जिथे आहे, त्यातलं सरासरी अंतर. एचडी शॉटला एकाच्या खाली हवा, ०.५ च्या खाली आला तर छान. आणि आता इथे सगळे जे करतात तेच भाच्याने केलं. आकडा १.४ होता, त्याने सगळ्यात जास्त एररवाले ठिपके निवडले, डिलीट. परत सॉल्व्ह, परत डिलीट. आकडा ०.२ वर आला आणि हत्ती आधीपेक्षा जास्त घसरायला लागला.

कारण काय? जवळचे ठिपके फ्रेममध्ये सगळ्यात जास्त सरकतात, म्हणून त्यांचा एररही साहजिकच जास्त दिसतो. तेच उडवले की खोलीची साक्ष देणारेच गेले, उरले लांबचे, जे हलतच नाहीत, ते कशालाही हो म्हणतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. मीसुद्धा हे करून बसलोय, नवीन असताना ०.१८ एररचा शॉट छाती फुगवून दिला होता आणि सुपरवायझरने साठाव्या फ्रेमवर बोट ठेवलं, काही न बोलता. म्हणून डिलीट करायच्या आधी तो ठिपका निवडा, पूर्ण लांबी चालवून बघा. खोटा कोपरा असेल, उडी मारली असेल, तर काढा. ठिपका खरा असेल पण थोडा थरथरत असेल तर काढू नका, त्याचं वेट, म्हणजे हिशोबातलं वजन, कमी करा, ०.३-०.५ असं. आणि हत्ती ज्या पायरीवर उभा राहणार त्या पायरीवर चार-पाच ठिपके हवेतच हवेत, ते कितीही एरर दाखवू देत.

जमीन, माप आणि तपासणी

सॉल्व्ह झालेलं जग तिरपं, उलटं, कुठल्याही आकाराचं असतं, त्याला सरळ करायचं. सेटअप ट्रॅकिंग सीन दाबा. मग ओटल्याच्या एकाच सपाटीवरचे तीन ठिपके निवडून फ्लोअर, तिघांत अंतर जास्त ठेवा, चिकटून घेतले तर जमीन कलते. एक ठिपका ओरिजिन, एक एक्स अक्षासाठी. मग मोजलेल्या अंतराचे दोन ठिपके निवडून सेट स्केल, समजा दोन खुणांमध्ये टेपने १.२० मीटर आलं तर तेच टाका. वहीतलं पान आता कामाला आलं बघा.

लगेच हत्ती आणू नका. आधी साधे शंकू आणि चेकरवाले ठोकळे ठेवा, एक पायाशी, एक हत्तीच्या जागी, एक मागच्या खांबाजवळ. पायरीच्या मापाचा एक डबा बनवून पायरीवर बरोब्बर बसवा, कडेला कड. आता चालवा, पूर्ण वेगात, पाच-सहा वेळा. मग फक्त डब्याचा खालचा कोपरा झूम करून बघा. पहिल्या फ्रेमला बसलाय, मधे बसलाय, शेवटी बसलाय? हळूहळू एका दिशेने सरकत असेल तर सॉल्व्ह किंवा लेन्स चुकलीय. जागेवर थरथरत असेल तर काही ठिपके थरथरतायत. एकाच फ्रेमवर उडी मारत असेल तर तिथे ठिपके संपलेत किंवा सुरू झालेत, परत ग्राफकडे. मधे नीट पण कडेला तरंगत असेल तर डिस्टॉर्शन. भाच्याला मी एवढंच पाठ करायला लावलं, बाकी सगळं त्यातून सुटत जातं.

डिस्टॉर्शनवरून आठवलं. लेन्स कडा वाकवते, थ्रीडी कॅमेरा वाकवत नाही. म्हणून आधी प्लेट सरळ करायची, त्यावर थ्रीडी बसवायचं, आणि शेवटी हत्तीच्या रेंडरला, म्हणजे थ्रीडीतून निघालेल्या चित्राला, परत तेवढंच वाकवून मूळ प्लेटवर ठेवायचं. ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्ये, म्हणजे चित्रं एकावर एक जोडायच्या जागी, मूव्ही डिस्टॉर्शन नोड दोन्ही कामं करतो. मूळ प्लेट सरळ करून तशीच अंतिम व्हिडिओत वापरू नका, ती मऊ पडते आणि कडा जातात. वस्तू फ्रेमच्या कडेला जाणार असेल तर रेंडर थोडा मोठा करा, दहा टक्के वगैरे, नाहीतर वाकवल्यावर कोपऱ्यात रिकामं दिसतं.

काम दुसऱ्याला द्यायचं असेल तर कॅमेऱ्यावरचा सॉल्व्हर कॉन्स्ट्रेंट एफ-कर्व्हमध्ये बेक करा, म्हणजे हालचाल साध्या अॅनिमेशनमध्ये बदलते, त्यासाठी कॉन्स्ट्रेंटमध्येच बटण आहे, आणि अलेंबिक किंवा एफबीएक्स फाईल काढा, ती बाकीच्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते. सोबत सरळ केलेली प्लेट, पायरीचा डबा, लेन्सची माहिती. पुढच्या माणसाला फोन करावा लागू नये.

बाकीची सॉफ्टवेअरं आणि कामधंदा

स्टुडिओत थ्रीडी-इक्वलायझर, सिंथआईज, पीएफट्रॅक ही नावं ऐकाल, न्यूकएक्समध्येही कॅमेरा ट्रॅकर आहे आणि न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती शिकायला फुकट मिळते. रोलिंग शटर, अनेक शॉट एकत्र, मोजमापाचे सर्व्हे पॉइंट हे सगळं तिकडे जास्त चांगलं होतं. पण ठिपका ओळखायची नजर तीच लागते, बटणं पंधरा दिवसांत बदलता येतात. कोर्सला लाखभर फी भरायच्या आधी घरी पाच शॉट लावून बघा, एकच ठिपका तीनशे फ्रेम बघत बसायचा कंटाळा येतो का नाही ते कळेल. ज्याला येतो त्याने दुसरं काहीतरी करावं, त्यात काही वाईट नाही.

रोटो (फ्रेममागून फ्रेम वस्तूची कड कापणं), पेंट (नको ते पुसणं) आणि मॅचमूव्ह हे या धंद्यात शिरायचे नेहमीचे दरवाजे आहेत, आणि काम मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू इकडेच जास्त. रील, म्हणजे काम मागताना दाखवायचा नमुना व्हिडिओ, एका मिनिटाची पुरे. प्रत्येक शॉट आधी मूळ, मग ठिपक्यांसकट, मग शंकू आणि डब्यांसकट, मग तयार. चार शॉट असे: एक आडवं चालत, एक पुढे जात, एक ज्यात माणसं मधून जातात, आणि एक ऑब्जेक्ट ट्रॅक, म्हणजे कॅमेरा नाही तर हातातला खोका ट्रॅक केलेला. खोक्यावर आधी काळ्या टेपच्या फुल्या मारा आणि त्या सगळ्या बाजूंवर वेगवेगळ्या मारा, एकसारख्या नाही, जुळ्या बहिणींचं वर सांगितलंय. ठोकळ्यांवाला भाग दोनदा चालवा, दुसऱ्यांदा झूम करून, बघणारा तिथेच बघणार आहे. खाली एका ओळीत लेन्स आणि फ्रेमची संख्या लिहा.

भाच्याचा चौथा हत्ती टिकला. आता तो विचारतोय सावली का हवेत आहे, तर त्याला सांगितलं की रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊ आणि परत छत्रीवर जाऊ, ऊन कुठून येतंय ते शूटच्या दिवशी वहीत लिहायचं राहिलं होतं.